विद्यार्थ्यांच्या आंदोलनावरील पोलिसी कारवाईची थट्टा करताना चित्रात कोण असावे?

वैनगंगाकाठचा मास्तर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात शिकवतो आणि भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे आहे. यंदा पावसाळा लागताच खेड्यांकडे जाणारी संध्याकाळची बस बंद झाली आणि मुलींना शेवटचे तास सोडून निघावे लागू लागले. निवेदने देऊन झाली, शिष्टमंडळे जाऊन आली, आणि शेवटी मुलांनी बसस्थानकासमोर ठिय्या मांडला. पोलिसांनी त्यांना उचलून गाडीत कोंबले, जी मुले उठेनात त्यांच्यापैकी काहींच्या पाठीवर लाठ्या पडल्या, आणि रात्री समज देऊन सर्वांना सोडण्यात आले. एवढ्यावर मी इथे लिहिले नसते. परंतु मुलांना हा राग भाषणातून नव्हे तर थट्टेतून काढायचा आहे. भित्तिपत्रकाचा एक अंक निव्वळ व्यंगचित्रांचा करायचा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याबरोबर वेशीबाहेर न्यायला एक बडग्या, म्हणजे टीकेचा पुतळा, तयार करायचा, असा त्यांचा बेत आहे.

त्यांना उदाहरण म्हणून मी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील परिसरात 18 नोव्हेंबर 2011 रोजी काढलेले ते गाजलेले छायाचित्र दाखवले. शुल्कवाढीविरुद्ध आणि त्याआधी बर्कले येथे झालेल्या पोलिसी मारहाणीविरुद्ध विद्यार्थी हातात हात गुंफून वाटेवर बसले आहेत, आणि विद्यापीठाच्याच पोलिस दलातील एक लेफ्टनंट त्यांच्यासमोरून सावकाश चालत त्यांच्या तोंडावर मिरचीच्या अर्काचा नारिंगी फवारा मारतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, आणि चित्र अंगावर येते ते याच कारणाने. पुढच्या काही दिवसांत लोकांनी त्या लेफ्टनंटला कापून जगातल्या नावाजलेल्या चित्रांत चिकटवले. सरा या फ्रेंच चित्रकाराच्या नदीकाठच्या रविवारच्या चित्रात तो सहलीला आलेल्यांवर फवारा मारू लागला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चित्रात त्या कागदावरच मारू लागला, आणि पिकासोच्या गेर्निकातही जाऊन पोहोचला.

माझ्या मुलांनी फोनवर तेच केले. तोरणाखाली उभ्या असलेल्या सजवलेल्या बैलांवर फवारा, शाळेच्या खिचडीच्या रांगेवर फवारा, आणि पाठीवर पंप देऊन कपाशीच्या तासात उभा केलेला तोच लेफ्टनंट. वर्ग बराच वेळ हसत होता. मग ठिय्यात उचलल्या गेलेल्या मुलींपैकी एकीने विचारले की, सर, सगळ्या चित्रांत पोलिस आहे, पण बसलेली मुले कुठे गेली? मला उत्तर सुचले नाही.

म्हणून विचारतो. अशा विनोदात पोलिसच नायक होऊन बसतो का? आणि आमच्याकडे लाठी ज्याने चालवली तो शिपाई शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि माझ्या वर्गातील निम्मी मुले रोज पहाटे पोलिस भरतीसाठी मैदानावर धावतात. असे असताना लाठी कोणाच्या हाती दाखवावी?

बडगेवाला

मास्तर, माझे बालपण नागपूरच्या इतवारीत गेले आणि आता मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो, म्हणून बडग्याविषयी चार शब्द अधिकाराने लिहितो. काळी आणि पिवळी मारबत निघायला शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्यांच्यासोबतचे बडगे हे दरवर्षीचे टीकाचित्रच असते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, त्या वर्षी जे लोकांच्या डोक्यात बसले असेल त्याचा पुतळा होतो, गळ्यात पाटी पडते आणि मिरवणुकीत त्याचे वाभाडे निघतात. तिथे कोणी समतोल मागत नाही आणि मागूही नये. थट्टेने दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात अशी अपेक्षा असेल तर तिचा अहवाल होतो.

परंतु बडग्याला एक शिस्त आहे. ज्याचा पुतळा करता, त्याच्या नावाने ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडता आले पाहिजे. ईडा, पीडा, खोकला, राई, रोग घेऊन जा, हे आपण म्हणतो. शिपाई घेऊन जा, असे म्हणता येईल का? तीन-चार दिवसांतच गणपतीच्या बंदोबस्ताला तोच शिपाई लागणार आहे. उलट, ‘वरून आदेश आहे’ हे वाक्य घेऊन जा, असे सगळा गाव एका आवाजात म्हणेल. ज्याला तोंड नाही, सही नाही आणि जो फोनवरूनच येतो, त्या आदेशाचा पुतळा करा.

आणि कृपा करून ढेरपोट्या, पानाचा तोबरा भरलेला हवालदार करू नका. तो शिळा झाला आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या हंगामात तो रात्रीमागून रात्री रंगमंचावर येतो, प्रेक्षक हसतात आणि घरी जातात. त्याच्यामुळे आजवर कोणाची झोप उडालेली नाही, कारण तो हप्ता घेतो, धडपडतो, पण कोणाला मारताना दिसत नाही. डेव्हिसच्या छायाचित्रातील माणूस त्याच्या नेमका उलट आहे. तो विदूषक नाही, तो आपले काम करतो आहे.

पोलिसाला कुरूप न करताही त्याची पंचाईत कशी करता येते, ते पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरातील तरुणांनी दाखवून दिले. तेथील राजवट भिंतींवरच्या घोषणांवर रंगाचे ठिपके फासत असे, आणि ही मंडळी 1980 च्या दशकात त्या ठिपक्यांवर बुटके काढू लागली. घोषणा पुसणाऱ्या सरकारने आता बुटके पुसायचे होते. 1 जून 1988 रोजी टोकदार टोप्या घालून हजारो लोक बुटके म्हणून रस्त्यावर आले. त्यांना धरून नेणाऱ्या शिपायाने नोंदीत काय लिहावे? पुढे सर्बियातील ‘ओतपोर’ या विद्यार्थी चळवळीने बेलग्रेडच्या रस्त्यात तेथील सत्ताधीश मिलोशेविचचा चेहरा रंगवलेले पिंप ठेवले. नाणे टाका आणि दांडक्याने एक ठोसा हाणा, अशी सोय होती. मुले बाजूला झाली आणि पोलिसांना शेवटी पिंप उचलून न्यावे लागले. पिंप ठेवले असते तरी हसे आणि नेले तरी हसे. इथे थट्टा त्या हुकुमाची झाली, आणि शिपायालाही ती कळली असावी, असे मला वाटते.

भिवापूरची लेक

बडगेवाले दादा, तुमचे म्हणणे पटते, पण तुम्ही मास्तरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न बाजूला ठेवून पुढे गेलात. तिने शिपायाविषयी विचारलेच नव्हते. बसलेली मुले कुठे गेली, असे तिने विचारले होते.

मी मिरचीच्या मुलुखातली आहे. आमच्याकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्या-निवडण्याच्या मोकळ्या जागेवर, मिरचीचे ढीग पडतात आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. माझी आई संध्याकाळी घरी आली की लहान भावाला जवळ घेत नसे, कारण साबणाने कितीही धुतले तरी बोटांची आग रात्रीपर्यंत राहायची. ती कोपराने दार लोटायची आणि पदर सारखा करायलाही मलाच हाक मारायची. त्यामुळे डेव्हिसच्या घटनेनंतर तेथील एका वृत्तवाहिनीवर, हा फवारा म्हणजे मुळात खाद्यपदार्थच आहे, अशा अर्थाचे विधान झाले होते, हे वाचले तेव्हा मला हसूही आले आणि संतापही आला. तेथील लोकांनी त्या विधानाची यथेच्छ टर उडवली. ऑनलाइन दुकानात त्याच प्रकारच्या फवाऱ्याच्या डब्याखाली ग्राहकांच्या अभिप्रायांच्या जागी उपहासाचे लेख जमू लागले. शांतपणे बसलेल्या पोरांना गप्प करण्यासाठी अत्युत्तम, अशा धाटणीचे.

मला हे अभिप्राय चिकटवलेल्या चित्रांपेक्षा श्रेष्ठ वाटतात. चिकटवलेल्या चित्रात फवारा बैलावर पडतो, नाहीतर रंगवलेल्या बाईवर पडतो, म्हणजे कोणावरच पडत नाही. हसणाऱ्याला डोळ्यांची आग आठवायचे कारण उरत नाही. अभिप्राय लिहिणाऱ्याने मात्र विकत घेणाऱ्याचे सोंग घेतले, आणि त्यामुळे फवारा कोणासाठी घेतला हे त्याला वाक्यात सांगावेच लागले. मुले तिथे वाक्यात शिल्लक राहिली.

मास्तर, तुमच्या मुलांना सांगा की जागा बदलायची तर पोलिसाची बदलू नका, बसलेल्या मुलांची बदला. तीच मुले, तशीच हातात हात घालून, एखाद्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकाखाली बसवा, उद्घाटनाच्या फितीखाली बसवा, ‘आपल्या सेवेत सदैव तत्पर’ असे लिहिलेल्या पाटीखाली बसवा. लाठी दाखवायची गरजही पडणार नाही.

काळ्या मातीतला

एक विनंती आहे. पाठीवर पंप दिलेला आणि कपाशीत उभा केलेला लेफ्टनंट काढून टाका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्याकडे पाठीवर पंप असलेला माणूस ही मारणाऱ्याची प्रतिमा नाही, मरणाऱ्याची आहे. अमेरिकेत बसून कोणी त्या पोलिसाला कीटकनाशक मारणाऱ्या माळ्यासारखे चितारले तर तिथे ते चालून जाईल. आपल्या गावच्या भित्तिपत्रकात त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या घरी वेगळाच लागेल.

तालुक्याचा वकील

प्रश्न कलेचा असला तरी मुले विद्यार्थी आहेत आणि त्यांतील काही भरतीच्या तयारीत आहेत, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

ठिय्यानंतर समज देऊन सोडले, हे बरे झाले. मनाई आदेश लागू असताना जमाव केला तर महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचे कलम 37 आणि 135 लागते, आणि भारतीय न्याय संहितेतील बेकायदेशीर जमावाचे कलम 189 व लोकसेवकाच्या आदेशाच्या अवज्ञेचे कलम 223 हे नेहमीचे सोबती असतात. शिक्षा किरकोळ असली तरी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत नोंद निघते आणि खुलासा देत बसावे लागते. रस्त्यावरच्या ठिय्यापेक्षा भिंतीवरचे चित्र या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित आहे, मात्र निर्धास्त नाही.

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. 17 मार्च 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक भित्तिपत्रकाच्या संपादकाने वाचावा असा आहे. त्या व्यंगचित्रांत भ्रष्टाचाराविषयीचा संताप आहे पण विनोद वा उपरोध नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले, आणि तरीही हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोप नसताना त्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे म्हटले. म्हणजे चित्र विनोदी असलेच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. ती अट वाचकाची आहे, आणि ती पाळणे अधिक कठीण आहे. त्या चित्रकारावर राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचे कलमही लावले होते, म्हणून चित्रात अशोकस्तंभ, तिरंगा यांच्याशी खेळ करू नये. कोणा शिपायाचे नाव वा चेहऱ्याशी हुबेहूब साम्य नसावे, एवढ्याने बदनामीचा प्रश्नही बराचसा टळतो. मिरवणुकीत कोणी खाकी वेश घालणार असेल तर तो उघडउघड सोंग वाटावा असा असू द्या. फसवण्याच्या हेतूने गणवेश घालणे हा गुन्हा आहे, सोंग आणणे हा नाही.

आता डेव्हिसविषयी. थट्टा झाली म्हणून न्याय मिळाला, असा समज पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात काम केले ते चित्रफितींनी, चौकशीने आणि दाव्याने. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या गटाचा अहवाल एप्रिल 2012 मध्ये आला. ही घटना टाळता आली असती आणि टाळायला हवी होती, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वापरलेला फवारा त्या दलाला मंजूर नव्हता आणि तो किमान सहा फुटांवरून मारण्याचा होता, हेही त्यातच आले. फवारा मारण्याच्या निर्णयाची मुख्य जबाबदारी लेफ्टनंटवर टाकली, पण विद्यार्थ्यांनी परिसरात ठोकलेले तंबू भर दुपारी हटवण्याच्या निर्णयासाठी कुलगुरूंनाही सोडले नाही. सप्टेंबर 2012 मधील तडजोडीत 21 वादींना प्रत्येकी 30,000 डॉलर मिळाले. कामावरून काढलेल्या त्या लेफ्टनंटला पुढच्या वर्षी मानसिक त्रासाच्या भरपाईपोटी 38,000 डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर झाली. कोणत्याही व्यंगचित्रकाराला याहून तिखट काही सुचले असते असे मला वाटत नाही.

थट्टेचा उपयोग निराळा होता, आणि तो उशिरा दिसला. 2016 मध्ये असे उघड झाले की त्या विद्यापीठाने इंटरनेटवर शोधताना ही घटना वर येऊ नये यासाठी सल्लागारांवर किमान 1,75,000 डॉलर खर्च केले होते. ही बातमी फुटताच ती सारी चित्रे पुन्हा जगभर फिरली. अहवाल कपाटात राहिला असता. चित्राला मात्र कपाट मिळाले नाही.

मैदानावरचा

मास्तरांनी ज्यांचा उल्लेख केला त्यांतलाच मी एक आहे. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, एवढेच सध्या माझे जग आहे. माझा मोठा भाऊ शिपाई आहे आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे माझ्या घरी एकाच पंगतीत होते.

बंदोबस्त म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक नसते. पहाटे उभे केले जाते, कधी सोडतील ते कोणी सांगत नाही, डबा आला तर आला. समोर बसलेल्यांचे म्हणणे बरोबर आहे, असे उभे असणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटत असते, कारण तीच बंद झालेली बस त्यांच्या बहिणींचीही असते. म्हणून आदेशाचा पुतळा करण्याची बडगेवाल्या भाऊंची कल्पना मला आवडली. तरीसुद्धा मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. मुलांना उठवा, एवढाच आदेश येतो. लाठी किती जोरात पडावी, हे त्या आदेशात नसते. ते पडते त्या क्षणी हाताने ठरवलेले असते. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या अहवालातही दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडला आहे. सगळे पाप आदेशाच्या माथी मारले तर उद्या मी भरती झाल्यावर मलाही तीच पळवाट मिळेल, आणि ती मला आत्ताच मिळू नये असे वाटते.

माझ्या भावाला मी हा प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला की पुतळा कर, पण माझे बूट दे, घासलेले बूट नसले तर पुतळा पोलिसाचा वाटणार नाही.

वैनगंगाकाठचा मास्तर

सर्वांचे आभार. कपाशीचे चित्र आम्ही वगळले आहे. भित्तिपत्रकासाठी ताईंची सूचना मुलांनी उचलली. बसस्थानकासमोरचे त्यांचे स्वतःचेच छायाचित्र घेऊन त्यातील मुले आता ‘सुखकर प्रवासासाठी’ अशा पाटीखाली, तहसीलच्या सत्कार समारंभात पहिल्या रांगेत, आणि एका स्वागत कमानीच्या मधोमध बसलेली दिसतील. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने प्रत्येक चित्रात बसची वेळ लिहिलेली एक छोटी पाटी घातली आहे.

बडग्याविषयी मतभेद आहेत. एका गटाला मैदानावरच्याचे म्हणणे पटले असून त्यांना दोन पुतळे हवेत. पहिला नुसता टेलिफोन, माणसाएवढा उंच, त्याला कान आहेत पण तोंड नाही. दुसरा म्हणजे फक्त एक हात, बांबूच्या कामट्यांचा आणि खाकी कागदाचा, ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे. दुसऱ्या गटाला हात नको आहे. ओढ्यापर्यंत टेलिफोनच न्यावा आणि वाटेत प्रत्येक चौकात तो थांबवून लोकांनी त्यात निवेदन वाचून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे मत हाताच्या बाजूने आहे, पण मी ते मुलांना सांगितलेले नाही.

वकीलसाहेब, एक विचारायचे राहिले. मारबतीची मिरवणूक दरवर्षी निघते आणि तिच्यासाठी गावात कधी कोणी अर्ज केलेला नाही. यंदा करावा का?

तालुक्याचा वकील

करावा. त्यात ‘पारंपरिक मारबत व बडगे’ एवढेच लिहावे आणि मार्ग व वेळ द्यावी. पुतळ्याचे वर्णन कोणी मागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याची पोच घेऊन ती मुलांनी सोबत ठेवावी.

बडगेवाला

हात करणार असाल तर कामट्या हिरव्या बांबूच्या घ्या, नाहीतर कोपराशी वाकवताना तडकतील. आणि खाकी कागदावर वार्निश मारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस हमखास येतो.